जलतरण तलावातील अपघात आणि कुंपणाचा कायदा : ऑस्ट्रेलियातील अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विहिरीला कठडा बांधण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. जलतरण तलाव मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांतील मध्यमवर्गाच्या परसात आला, तो बहुधा कठड्याविनाच. या तलावांत बुडणारी पाच वर्षांखालील मुले बहुतेक वेळा पोहण्यासाठी उतरलेली नसतात. घरातून नकळत बाहेर पडून ती पाण्यात पडतात. बुडणारे मूल सहसा ओरडत नाही. काही मिनिटे प्राणवायू न मिळाल्यास मेंदूला इजा होते व वाचलेल्या मुलालाही कायमचे अपंगत्व येऊ शकते. हा अपघात टाळण्याची जबाबदारी केवळ पालकांची की तलावाच्या मालकाचीही, या प्रश्नाचा ऑस्ट्रेलियाच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दक्षतेकडून रचनेकडे :
१९७० च्या दशकात जॉन पर्न व जेम्स निक्सन यांनी ब्रिस्बेन शहरातील बालकांच्या बुडण्याच्या घटनांचा पद्धतशीर अभ्यास केला. आईचे क्षणभर झालेले दुर्लक्ष म्हणून पाहिली जाणारी घटना त्यामुळे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पुढे आली. १९८६ मध्ये खासगी तलावांच्या कुंपणासाठी ऑस्ट्रेलियन मानक प्रसिद्ध झाले. या मानकाच्या परंपरेत कुंपणाची उंची किमान १.२ मीटर, खालची फट १०० मिलिमीटरपेक्षा अधिक नाही आणि फाटक तलावाच्या विरुद्ध दिशेला उघडणारे व आपोआप बंद होणारे, असे नियम रूढ झाले. माणसाचे लक्ष केव्हातरी विचलित होणारच, हे येथे गृहीत धरलेले आहे.

कायदा आणि सवलती :
न्यू साउथ वेल्स राज्याच्या १९९२ च्या कायद्याने तलाव घरापासून कुंपणाने वेगळा असावा, हे तत्त्व स्वीकारले. तथापि, १ ऑगस्ट १९९० पूर्वी बांधलेल्या तलावांना सवलत मिळाली. घराची तलावाकडील दारे-खिडक्या मुलांना उघडता येणार नाहीत अशा असल्या, की घर व तलाव यांमध्ये कुंपण आवश्यक नव्हते. अतिलहान, अतिविस्तीर्ण व पाणवठ्यालगतच्या मालमत्तांनाही सूट होती. नव्या तलावांसाठी ही सूट १ जुलै २०१० पासून बंद झाली.

या सवलतींचे मोल संशोधनातून ध्यानात येते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्बेनमधील अभ्यासानुसार कुंपण नसलेल्या तलावात मूल बुडण्याचा धोका कुंपण असलेल्या तलावाच्या सुमारे पावणेचारपट होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातील २००३ च्या अभ्यासात तीन बाजूंना कुंपण व चौथ्या बाजूला घर असलेल्या तलावांचा धोका चारही बाजूंनी बंदिस्त तलावांच्या जवळजवळ दुप्पट आढळला. म्हणजे कायद्याने सवलत दिली ती नेमकी त्या बाजूला, जिकडून मूल येते. दार मोठ्यांच्या वावरासाठी उघडे राहते. स्वतंत्र कुंपणाचे फाटक मात्र आपोआप बंद होते. क्वीन्सलँड राज्याने पुढे जुन्या-नव्या सर्व खासगी तलावांना एकच मानक लागू केले व त्याच्या पूर्ततेसाठी ३० नोव्हेंबर २०१५ ही मुदत दिली.

फ्रान्सने ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने वेगळा मार्ग निवडला. कुंपण, धोक्याची घंटा, आच्छादन किंवा छत यांपैकी एक साधन निवडण्याची मुभा मालकाला मिळाली. परंतु घंटा वाजते ती मूल पाण्याजवळ किंवा पाण्यात पोहोचल्यावर. कुंपण त्याला त्याआधीच थांबवते.

समारोप :
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या अहवालाने पाण्याभोवती अडथळे उभारणे हा बुडण्यापासून बचावाचा एक प्रमुख उपाय मानला. हा प्रश्न श्रीमंतांच्या परसापुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रातील प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यांचे उतार निसरडे असतात; आत पडलेल्या मोठ्या माणसालाही वर येणे कठीण जाते. तेथे कुंपण आणि काठाला बांधलेला दोर यांना पाण्याइतकेच महत्त्व द्यावयास हवे. ऑस्ट्रेलियाच्या अनुभवावरून असे म्हणता येते की, केवळ कायदा असणे पुरेसे नाही. त्यातील सवलत कोणत्या बाजूला ठेवली आहे, यावर मुलाचे आयुष्य अवलंबून असते.