रक्ताचा हिशेब

आपल्या भाषेत रक्ताला कामं फार. ते उसळतं, खवळतं, सळसळतं, गोठतं, आटतं. पोरांच्या शिक्षणापायी त्याचं पाणीही होतं. पण रक्त ‘फिरतं’ असं मात्र चारचौघांत कुणी म्हणत नाही. फिरणारं रक्त ‘रक्ताभिसरण’ असं भारदस्त नाव घेऊन शाळेच्या पुस्तकात शिरतं आणि परीक्षा संपली की तिथंच राहतं. मला याचं नवल वाटत नाही. ही गोष्ट युरोपातल्या भल्याभल्या वैद्यांच्या गळी उतरायलाही चौदाशे वर्षं लागली.

याचं मूळ गेलन. दुसऱ्या शतकातला हा ग्रीक वैद्य. ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधता बांधता शरीर शिकला आणि पुढे रोमच्या बादशहाचा वैद्य झाला. त्याचं म्हणणं असं, की खाल्लेल्या अन्नाचं रक्त यकृतात तयार होतं, शिरांतून अंगभर जातं आणि अवयव ते वापरून टाकतात. संपलं! मग हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं थोडं रक्त डावीकडे जातं कसं? तर मधल्या पडद्याला भोकं आहेत. दिसत का नाहीत? बारीक आहेत म्हणून! यापुढे काय बोलणार?

बोलणारे निघाले, नाही असं नाही. तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल्-नफीसनं स्वच्छ लिहिलं, की पडद्याला भोकंबिकं काही नाहीत. रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येतं. त्याचं हस्तलिखित थेट 1924 साली बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरच्या नजरेस पडलं. स्पेनच्या सर्व्हेटसनं हीच गोष्ट एका धर्मविषयक ग्रंथात लिहिली. त्याला 1553 साली जिनिव्हात जाळलं. जाळलं ते धर्ममतांपायी, पण त्याच्या पुस्तकाच्या प्रतीही बहुतेक त्याच वाटेनं गेल्या.

मग आला विल्यम हार्वे. जन्म 1578, शिक्षण इटलीत पाडुआला, नोकरी इंग्लंडच्या राजाकडे. जिवंत हृदय बघायचं तर ते इतकं झरझर चालतं, की याची चाल फक्त देवालाच ठाऊक असावी, असं त्यालाही वाटून गेलं. म्हणून त्यानं बेडूक, साप, मासे असले थंड रक्ताचे, सावकाश कारभाराचे प्राणी गाठले. घाईच्या माणसाकडून काही शिकता येत नाही, हे आपणही जाणतोच.

पण मला हार्वे आवडतो तो त्याच्या गुणाकारासाठी. समजा, ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडतं आणि अर्ध्या तासात हजार ठोके पडतात. दोन्ही आकडे हात आखडूनच धरलेले. तरी पाचशे औंस झाले! म्हणजे अर्ध्या तासात सुमारे 15 किलो, दिवसाला सातशेच्या वर. एवढं रक्त अन्नातून रोज नवं करायचं तर बकासुरालाही पानावरून उठायची सोय नाही. आणि अख्ख्या मेंढीत जेमतेम चार पौंड रक्त असतं, हे हार्वेनं स्वतः पाहिलेलं. तेव्हा आटत काहीच नाही. तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरतं! दूधवाल्याचा हिशेब जमणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हा गुणाकार जमला असता. चौदाशे वर्षं तो कुणी मांडलाच नव्हता.

हार्वेनं हे 1628 साली छापलं. पुस्तक 72 पानांचं. त्यानंतर त्याचे रोगी कमी झाले, लोक त्याला चक्रम म्हणू लागले, असं तो स्वतःच सांगे. ऑब्रे नावाच्या त्याच्या परिचितानं ते नोंदवून ठेवलंय.

एक अडचण मात्र हार्वेलाही सुटली नाही. धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून? ती वाट त्याला दिसली नाही. म्हणजे गेलनची भोकं अदृश्य आणि हार्वेची वाटही अदृश्यच! मग दोघांत फरक काय? गेलनला भोकं हवी होती, म्हणून ती होती. हार्वेची वाट त्याच्या हिशेबानं मागितली होती. हार्वे 1657 साली गेला. चारच वर्षांनी, 1661 मध्ये, इटलीच्या माल्पिगीनं सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचं फुप्फुस धरलं आणि त्यात केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं दिसलं. हिशेब मिळाला.

आपण मात्र अजून मुलांना ‘तुमच्यासाठी रक्त आटवलं’ असंच ऐकवतो. हार्वेच्या मतानं ते चूक आहे. पण ‘तुमच्यासाठी रक्त फिरवलं’ म्हणून कुठला मुलगा अभ्यासाला बसणार?