खोकलं की लघवी सुटते: एका दबलेल्या तक्रारीचा इतिहास

तपासणी झालेली असते, बीपीच्या गोळ्या लिहून दिलेल्या असतात. बाई उठून दारापर्यंत जातात, सुनेला पुढे पाठवतात आणि परत येऊन हळूच म्हणतात, "डॉक्टर, एक सांगायचं राहिलं. खोकलं, शिंकलं की लघवी सुटते." कधीपासून? "धाकट्याच्या बाळंतपणापासून." धाकटा आता बारावीला असतो.

जुन्नर-आंबेगावात प्रॅक्टिस करताना हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिलाय की आता मीच आधी विचारतो. मधल्या वर्षांत या बाईंनी लांबचा एसटी प्रवास सोडलेला असतो, भजनाला मागच्या रांगेत बसायला सुरुवात केलेली असते. भर उन्हात टोमॅटो तोडायला जाताना त्या पाणी पीत नाहीत. कमी पाण्यामुळे लघवी घट्ट होते, जळजळते, जंतुसंसर्ग होतो आणि गळणं आणखी वाढतं.

आपल्याकडे हे न बोलणं फार जुनं आहे. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी आनंदीबाई जोशींनी बंगालमधल्या सेरामपूरला भाषण केलं. स्त्रियांना स्त्री डॉक्टर का हवी, हाच त्यांचा मुद्दा होता. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, आणि त्याच वर्षी मुंबईत खास बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. पण त्यानंतर शंभर वर्षांनी गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला. तो फक्त लघवी गळण्याबद्दल नव्हता, पण दारापर्यंत जाऊन परत येणारी बाई का परत येते, हे मला तो वाचून कळलं.

आता दुखण्याकडे वळू. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते. पुढे वय, वजन, जुना खोकला, बद्धकोष्ठता आणि डोक्यावरची ओझी तिला आणखी सैल करतात. मग खोकताना पोटातला दाब वाढला की लघवीची वाट नीट बंद राहत नाही. काहींचं गळणं वेगळं असतं. त्यांना अचानक जोराची लागते आणि मोरीपर्यंत पोचेस्तोवर दम निघत नाही. काहींना दोन्ही त्रास असतात. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांनाही गळतं, आणि ते तर बायकांपेक्षाही कमी बोलतात.

ही झोळी व्यायामाने घट्ट होते, हे कोणी शोधलं? आवळण्याची क्रिया हठयोगात मूलबंध म्हणून आहे, पण तिचा हेतू वेगळा होता. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात मार्गारेट मॉरिस या नर्तकी-फिजिओथेरपिस्टने असे व्यायाम शिकवले. पण नाव झालं ते लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड कीगल यांचं. त्यांचा लेख १९४८ चा. कीगलनी नुसता व्यायाम सांगितला नव्हता. आधी ते स्वतः तपासून योग्य स्नायू दाखवत आणि मग योनीत ठेवायचं हवेचं एक साधन देत. स्नायू आवळला की त्याला जोडलेल्या मापकाचा काटा हलायचा. आपण बरोबर करतोय का, आठवड्याभरात ताकद वाढली का, हे त्या बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायचं.

पुढे जगभर पसरला तो फक्त व्यायाम. काटा मागे राहिला, शिकवणाराही मागे राहिला आणि उरलं एक छापील पत्रक. १९९१ मध्ये अमेरिकेत ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन लगेच तपासलं गेलं. साधारण निम्म्यांनाच ते नीट जमलं. चौथा हिस्सा स्त्रिया तर अशा पद्धतीने जोर करत होत्या की गळणं वाढावं.

हे वाचलं तेव्हा मी ओशाळलो. मीही वर्षानुवर्षं तेच पत्रक देत होतो. एक पेशंट सहा महिने इमानदारीने व्यायाम करून आल्या, फरक शून्य. करून दाखवा म्हटलं तर श्वास कोंडून त्या खाली जोर देत होत्या, शौचाला बसल्यासारखा. चूक त्यांची नव्हती.

ऑपरेशनच्या बाबतीत मात्र आपला प्रांत मागे नव्हता. 'अंग बाहेर येणं' हा याच सैल झोळीचा दुसरा त्रास. मूळचे गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी मुंबईत तरुण स्त्रियांसाठी गर्भाशय न काढता त्याला पट्टीचा आधार देणारी ऑपरेशनं बसवली. त्यांच्या नावाने ती आजही शिकवली जातात. पण ती अंग बाहेर येण्यासाठी आहेत. नुसतं लघवी गळतं म्हणून "पिशवी काढून टाका" म्हणणाऱ्या बाईंना मी हेच समजावतो, की पिशवी काढल्याने झोळी घट्ट होत नाही.

शिकवून केलेला व्यायाम किती उपयोगी पडतो? २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात खोकताना गळणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के जणींनी बरं झाल्याचं सांगितलं, न करणाऱ्यांत ६ टक्के. म्हणजे औषध हाताशी आहे, अडचण ते शिकवणारं माणूस गाठण्याची आहे. भारतात फिजिओथेरपीचं पहिलं शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएममध्ये सुरू झालं, तेही पोलिओच्या साथीमुळे. आज गुडघे-कंबरेचे फिजिओथेरपिस्ट तालुक्यात भेटतात. या स्नायूंचं खास शिक्षण घेतलेल्या बहुतेक शहरात असतात. भीमाशंकरच्या बाजूच्या एखाद्या वाडीतून दर आठवड्याला पुण्याला जायचं, तेही लघवी गळत असताना एसटीने!

गंमत बघा, अंतर कापण्यात आपला जुन्नर तालुका जुना आहे. परदेशाशी उपग्रहामार्फत बोलण्याचं देशातलं पहिलं भूकेंद्र १९७१ साली नारायणगावजवळच्या आर्वीला सुरू झालं. शेजारी खोडदला आकाशातले रेडिओ संदेश ऐकणारी दुर्बीण आहे. तरी घाटाकडच्या वाडीत मोबाइलला रेंज मिळवायला आजही टेकाडावर चढावं लागतं.

विरळ वस्तीच्या स्वीडनमध्ये उमेओ विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २५० स्त्रियांना समोरासमोर न भेटता तीन महिने हा व्यायाम दिला. काहींना इंटरनेटवरून ई-मेलच्या मार्गदर्शनासह, काहींना पोस्टाने पुस्तिका पाठवून. २०१३ ला त्याचे निष्कर्ष आले. दोन्ही गटांना फायदा झाला, पण 'खूप सुधारलं' म्हणणाऱ्या इंटरनेटच्या गटात जास्त होत्या. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागली त्याच दिवसांत, डॉक्टरांसाठी टेलिमेडिसिनची नियमावली निघाली आणि व्हिडिओवर सल्ला घेणं लोकांच्या अंगवळणी पडलं.

स्वीडनच्या बायकांकडे स्वतःचा कॉम्प्युटर होता. आपल्याकडे फोन मुलाचा असतो आणि घरात माणसं असतात. माझ्या एका पेशंटने तिचे कॉल गोठ्यात बसून घेतले. फिजिओथेरपिस्ट बाई, अंगावर पूर्ण कपडे, कॅमेऱ्यात फक्त पोट, छाती आणि मांड्या. श्वास कोंडतेय का, पोट किंवा कुल्ले आवळतेय का, हे तेवढ्यावर कळतं. "वारा सरू नये म्हणून आवळतो तसं, आत आणि वर ओढा" एवढं एकच वाक्य नीट बसायला दोन कॉल गेले. मग एका वेळी निदान आठदा आवळायचं, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. लघवी करताना मध्येच थांबवून सराव मात्र करू नका. दहाव्या आठवड्यात तिने कळवलं, "मंचरच्या बाजारात जाऊन आले, पाणी पिऊन."

सगळ्यांचं असं होत नाही. आणि फोनवर सुरुवात करण्याआधी एकदा प्रत्यक्ष तपासणी हवीच. लघवीची आणि साखरेची तपासणी, अंग बाहेर येतंय का ते पाहणं, चालू गोळ्या बघणं. लघवीत रक्त, ताप, पायात नवा अशक्तपणा, तुंबून थेंब थेंब येणारी लघवी किंवा बाळंतपण अथवा ऑपरेशननंतर सतत वाहणारी लघवी असेल तर व्यायामात वेळ घालवू नका, लगेच दाखवा. येताना तीन दिवस किती वेळा लघवीला गेलात, किती पाणी-चहा प्यालात आणि कधी गळलं, एवढं कागदावर लिहून आणा. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या.