पावसाळ्यात मुंबईला जाताय? आधी भरतीची वेळ पाहा

पावसाळ्यातही मराठवाडा, खानदेश, कोकणातून कितीतरी कुटुंबं मुंबईला जातात. कुणाची परळच्या टाटा किंवा केईएम हॉस्पिटलची तारीख असते, कुणाचं हज हाऊसला काम असतं, कुणाला हाजी अली आणि माहीमची जियारत करायची असते. निघताना आपण पावसाचा अंदाज बघतो. मुंबईत तेवढं पुरत नाही. भरतीची वेळही बघावी लागते.

पाणी का तुंबतं?

मुंबईचं पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं. मोठी भरती असली की समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडापेक्षा वर येते आणि पाणी बाहेर पडत नाही. त्याच वेळी मुसळधार पाऊस झाला तर सखल भाग भरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात दुपारची भरती आली आणि शहर ठप्प झालं. महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते. ती यादी मोबाईलमध्ये ठेवा.

चांदच्या तारखेवरून अंदाज

भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे चांदच्या पहिल्या दोन-तीन तारखांना आणि १३ ते १६ ला, उधाणाची भरती असते. त्या दिवसांत मुंबईत पाणी दुपारी बारा ते दोनच्या सुमारास सर्वांत वर असतं. चांदच्या ७-८ आणि २१-२२ च्या सुमारास भांगाची भरती असते, ती लहान. हा नुसता अंदाज आहे. नक्की वेळ त्या दिवसाच्या तक्त्यातच पाहा.

हाजी अलीला जाताना

दर्गा समुद्रात आहे आणि तिथे नेणारी अर्धा किलोमीटरच्या आसपासची वाट भरतीत पाण्याखाली जाते. उधाणाच्या दिवसांत जोहरच्या वेळेला तिथे पोहोचण्याचा बेत करू नका. सकाळी लवकर किंवा असरनंतर, ओहोटीच्या वेळेला जा. समुद्र खवळलेला असेल तर ओहोटीतही थांबवलं जाऊ शकतं. अडवलं तर हुज्जत घालू नका, लाटांजवळ मुलांचे फोटो काढू नका. त्या दिवशी माहीमला मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यावर जाता येईल. तिथे जमिनीवरूनच जायचं असतं.

हॉस्पिटलची तारीख असेल तर

दादर-परळच्या मधला हिंदमाता परिसर पाणी साचण्यासाठी ओळखला जातो. मध्य रेल्वेच्या लोकलला कुर्ला-सायन पट्ट्यात अडचण येते. म्हणून पेशंटला घेऊन त्याच दिवशी सकाळी उतरण्यापेक्षा आदल्या दिवशी पोहोचा आणि हॉस्पिटलच्या जवळ मुक्काम करा. परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका, एक दिवस हातात ठेवा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात. गेटवे ते मांडवा प्रवासी लाँच पावसाळ्यात बंद असतात.

एवढं लक्षात ठेवा

• रेड अलर्ट असेल तर फिरणं रद्द करा. मोठी भरतीही त्याच दिवशी असेल तर घराबाहेर पडू नका.
• साचलेल्या पाण्यातून चालू नका. उघड्या मॅनहोलमध्ये पडून माणसं गेली आहेत.
• पायाला जखम असताना पाण्यातून जावं लागलं तर पाय साबणाने धुवा आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोचा धोका असतो.
• अम्मी-अब्बांची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या. रिपोर्ट, आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.
• अडकलात तर महापालिकेचा १९१६ किंवा पोलिसांचा ११२ नंबर लावा.
• मुक्कामाचा पत्ता घरातल्या प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहून द्या. पावसात मोबाईल कधी बंद पडेल सांगता येत नाही.