हक्क : एका शब्दाचा इतिहास

भाषा विचाराला वळण लावते, हे व्होर्फचे म्हणणे मी वर्गात शिकवतो. आपला इतिहास मात्र त्याची दुसरी बाजू दाखवतो. महारकीत ‘बावन्न हक्क’ सांगत. मेलेले ढोर ओढायचे, त्याचे कातडे हा हक्क. दारोदार भाकर मागायची, तोही हक्कच! गुलामीलाच हक्क म्हटल्यावर तक्रार कोणत्या शब्दांत करायची? आमच्या करंजाड्याच्याच जिल्ह्यातल्या महाडात २० मार्च १९२७ रोजी माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन हक्क बजावला. शब्द जुनाच, अर्थ वतनाबाहेरचा. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनविषयक विधेयक मांडले. वतने रद्द करणाऱ्या कायद्याला १९५८ उजाडले. माझा आजा मात्र शेवटपर्यंत त्या भाकरीलाच हक्काची म्हणे.