उमेदवारी : कचेरीपासून संगणकापर्यंत

अलीकडे महाविद्यालयांतून 'इंटर्नशिप' हा शब्द फार ऐकू येतो. विद्यार्थ्याने काही आठवडे एखाद्या कंपनीत किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम करावे आणि ते त्याच्या शिक्षणात धरले जावे, अशी ती योजना. तीत आता आणखी एक प्रकार आला आहे. काम देणारा पुण्याला किंवा बंगळूरला, विद्यार्थी बल्लारपुरात आपल्या घरी, आणि दोघांच्या मध्ये फक्त संगणक नाहीतर मोबाईल! पालक साहजिकच विचारतात, "सर, हे शिक्षण म्हणायचं की फुकटची वेठ?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे गेले पाहिजे. कारण नाव नवे असले तरी वस्तू जुनीच आहे.

आपल्या भाषेत तिला उमेदवारी म्हणत. आज हा शब्द निवडणुकीपुरता उरल्यासारखा झाला आहे. पण 'उमेद' म्हणजे आशा, आणि इंग्रजी अमदानीत नोकरीच्या आशेने कचेरीत येऊन बसणारा तो उमेदवार. कारकुनाच्या शेजारी बसायचे, पडेल ते काम करायचे आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. पगाराचे नाव काढायचे नाही. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या कोशात साहेबलोकांनीही हा शब्द नोंदवून ठेवला आहे. ह्या उमेदवारीत दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या. जाणत्याच्या शेजारी बसून शिकणे ही एक, आणि आशेवर राबणे ही दुसरी. पहिलीत शिकणाऱ्याचा लाभ, दुसरीत राबवून घेणाऱ्याचा. हा तराजू कोणत्या बाजूला झुकतो, ह्यावरच सारे अवलंबून असते.

कायद्याने ह्या तराजूला हात घातला तो १८५० साली. १० ते १८ वर्षांच्या मुलांना, विशेषतः अनाथ व गरीब मुलांना, जास्तीत जास्त ७ वर्षांच्या कराराने कारागिराच्या हाताखाली ठेवण्याची सोय त्या वर्षीच्या कायद्याने केली. उस्ताद शिकवीत नसेल किंवा छळत असेल, तर मॅजिस्ट्रेटकडे दाद मागता येई. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. त्याने मालकाची कर्तव्ये स्पष्ट लिहिली. मालकाने उमेदवाराला त्या धंद्याचे शिक्षण द्यावे. तो स्वतः जाणकार नसेल तर जाणकार माणूस शिक्षणावर नेमावा. आणि ठरलेले विद्यावेतन द्यावे. उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, असेही त्यात म्हटले आहे. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारकही ह्या कायद्याखाली आले. कागदगिरणी, कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्र ह्यांच्या आपल्या मुलखात 'अप्रेंटिस' म्हणजे काय, हे आयटीआय झालेल्या पोराला समजावून सांगावे लागत नाही.

ही झाली कारखान्यातली उमेदवारी. महाविद्यालय आणि कारखाना ह्यांची जोडी जमली ती निराळ्या वाटेने. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर ह्या प्राध्यापकाने १९०६ साली २७ विद्यार्थी घेऊन प्रयोग सुरू केला: आळीपाळीने काही दिवस वर्गात, काही दिवस कारखान्यात. आपल्याकडे राजस्थानातील पिलानीच्या बिर्ला संस्थेने १९७३ पासून अशीच पद्धत अभ्यासक्रमात आणली.

पण ह्या सर्वांत विद्यार्थ्याला कामाच्या जागी जावे लागे. घरबसल्या प्रकल्पाचे एक चांगले उदाहरण २००५ सालचे आहे. त्या वर्षी गूगल कंपनीने उन्हाळी सुट्टीचा एक उपक्रम काढला. निरनिराळ्या देशांतल्या ४०० हून अधिक विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी बसून संगणकाचे प्रोग्रॅम लिहिले. काम संस्थांसाठी होते, मानधन गूगलने दिले. मुदत ठरलेली होती, आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे मार्गदर्शक होता. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ही रीत नाइलाजाने पुष्कळांच्या अंगवळणी पडली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला स्थान मिळाले. म्हणजे जागा हव्या असलेले विद्यार्थी एकदम वाढले. आणि मागणारे वाढले की देणाऱ्याचा हात वर राहतो, हे बाजाराच्या दिवशी कोणीही पाहावे.

आता आपल्याकडे पाहा. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झाले. पण सिरोंच्याहून गडचिरोलीच सुमारे २०० किलोमीटर. तिथल्या मुलीने दोन महिने पुण्यात खोली घेऊन राहावे, ही गोष्ट किती घरांना परवडेल? तिला घरी बसून चांगले काम मिळाले, तर दूरस्थ इंटर्नशिप हे वरदानच होय. गाव सुटत नाही, खर्च वाचतो.

तथापि एक मोठी गोष्ट हातची जाते, ती म्हणजे शेजारची जागा. कारखान्यात पोराची कानस तिरकी चालली, तर उस्तादाचा हात आपोआप पुढे येतो. दुरून ती चूक कोणाला दिसत नाही. कचेरीतला उमेदवार काही शिकवले नाही तरी पाहून शिके. घरी एकट्याने पडद्यासमोर बसणाऱ्याला पाहायलाही काही नसते. शेजार गेला की उरते ते आशेवर राबणे. म्हणून जे शिक्षण पूर्वी आपसूक घडे, ते आता काम देणाऱ्याने मुद्दाम घडवले पाहिजे.

असे काही आठवड्यांचे प्रकल्प १९६१ च्या कायद्यातल्या नोंदणीच्या करारात सहसा बसत नाहीत. तेव्हा पालक आणि शिक्षक ह्यांनीच त्या कायद्यातले प्रश्न आधी विचारावेत. काम नेमके कोणते, आणि ते मुदतीत पुरे होणारे आहे का? शिकवणारा माणूस कोण, आणि आठवड्यातून किती वेळ तो बोलणार? विद्यावेतन किती? नसेल, तर त्या बदल्यात विद्यार्थ्याच्या पदरात काय पडणार? आणि उलट विद्यार्थ्याकडूनच पैसे मागितले, तर दहादा विचार करावा. जुन्या कचेरीतल्या उमेदवाराला पगार नसे. पण शिकण्यासाठी पैसे भरून राबणे हा त्याच्याही पुढचा मजला झाला.

शेवटी आणखी एक गोष्ट. काम देणारा नेहमी शहरातलाच कशाला हवा? गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले; त्या गावाचे अभ्यासगट प्रसिद्ध आहेत. ज्या गावांना असे हक्क आहेत, तिथे बांबूचा हिशेब, तेंदूपानाची नोंद, जंगलाचा नकाशा अशी कितीतरी कामे असतात. ती शहरातला विद्यार्थी दुरून करू शकेल, आणि ती कशी करायची हे गाव त्याला शिकवील. तिथे उस्ताद ग्रामसभा, आणि उमेदवार पुण्याचा!

मात्र तिथेही नियम तोच. काम घ्यायचे तर शिकवले पाहिजे. उमेद ही शिकणाऱ्याची पुंजी आहे. ती मालकाने फुकट खर्चून टाकण्यासाठी नाही.