नकाशातलं बाभूळबन

शाळेत नकाशा म्हणजे मला रंगवायची गोष्ट वाटायची. साठी उलटल्यावर पुतण्यानं भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एका जुन्या नकाशाची प्रत आणून दिली, तेव्हा पहिल्यांदा तो वाचायला बसलो. एका इंचात एक मैल. करमाळा-इंदापूरची शीव आणि मधून निळी भीमा. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. हा नकाशा त्याच्या आधीचा. त्यात रेल्वे दिकसळच्या जुन्या पुलावरून भीमा ओलांडते. धरणापायी रूळ दुसरीकडं गेले. त्या पुलावर बोट ठेवून नदीच्या कडंनं खाली आलो, तेव्हा आमचं गाव घावलं.

पिवळं म्हणजे वहिताचं रान, हिरवं म्हणजे झाडी, तांबडं म्हणजे वस्ती. तपकिरी रेघा उंचीच्या, दर ५० फुटांना एक. रेघा दाट तिथं चढ, विरळ तिथं सपाटी. आमच्या गावाजवळ १६०० आणि १६५० फुटांच्या रेघा लांब लांब आहेत. धरण शंभर टक्के भरलं की पाणी ४९६.८३ मीटरवर येतं, म्हणजे १६३० फूट. दोन्ही रेघांच्या मधे. म्हणून काठची सपाट काळी रानं, सगळ्यात कसदार, तीच पार लांबवर बुडाली. उताराचा माळ तेवढा वर राहिला.

नदीच्या वळणावर एक हिरवा पट्टा दिसला. आमचं बाभूळबन. पोरांना मी कायम सांगत आलो की ते पाण्यानं गिळलं. नकाशा आईपुढं धरला. तिला अक्षर येत नाही, पण नदीचं वळण तिनं बरोबर ओळखलं.

"आरं, बन पाण्यानं कुठं नेलं? पाणी यायच्या आधीच तोडलं की आपुन. तुझ्या बापानं आन तू. दोन गाड्या सरपण इकलं, त्यावर नव्या गावात पत्रं घातलं."

मी गप झालो. कुऱ्हाड हातात होती ते आठवलं. बुडणारच होतं, तर का सोडायचं, असं वडील म्हणाले होते. त्यांचं चुकलं असं आजही म्हणवत नाही. पण चाळीस वर्षं मी निम्मीच गोष्ट सांगितली.

नकाशात झाडं असतात, ती कुणी तोडली ते नसतं. ते माणसांना इचारावं लागतं, माणसं आहेत तवर. आता पोरांना नकाशा दाखवतो तेव्हा हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवून आधी आमची कुऱ्हाड सांगतो, मग पाणी.