तळटीप : बटणांची बाजू आणि जकात

१२. ‘प्रकरण ६१ की ६२’ : जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या, १९८८पासून लागू असलेल्या वर्गीकरणात होजिअरीच्या कापडाचे कपडे प्रकरण ६१मध्ये येतात, मागावरच्या कापडाचे ६२मध्ये. म्हणून बायकांचा ब्लाउज कापडानुसार ६१०६ किंवा ६२०६ ठरतो. लेखक एवढ्यावरच थांबतात; खरी गंमत पुढे आहे. कपडा बाईचा की पुरुषाचा, हे घालणाऱ्यावरून नव्हे, तर पुढच्या उघड्या बाजूवरून ठरते. डावी बाजू उजवीवर येत असेल तर पुरुषाचा, उजवी डावीवर येत असेल तर बाईचा. बेतण्यावरूनच तो दुसऱ्याचा आहे हे उघड दिसत असेल, तर मात्र हा नियम लागत नाही. आणि काहीच ठरत नसेल, तर कपडा बायकांच्या शीर्षकात टाकायचा! शंकेचा फायदा बायकांना देणारे सरकारी नियम फारसे नसावेत, अर्थात हा फायदाच आहे असेही नाही. साडी या दोन्ही प्रकरणांत बसत नाही. ती शिवलेली नसते, त्यामुळे कापडातच धरली जाते; भारतीय दरपत्रकात रेशमी साडी ५००७ या शीर्षकाखाली, रेशमी कापडांच्या रांगेत आहे. – संपा.